कॉम्प्युटरवर व्हिडिओ धूसर दिसतो? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांची संध्याकाळ कॉम्प्युटरसमोर जाते. क्रिकेट, जुनी नाटकं, कीर्तनं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नीट दिसायला लागलं आणि त्यांची पहिली तक्रार आली ती चित्राची: "खेळाडूंचे चेहरेच कळत नाहीत गं, मैदान म्हणजे नुसता हिरवा चिखल." मी दुकानात विचारलं. "ग्राफिक्स कार्ड टाका, ताई, चित्र एकदम क्लिअर होईल," असं उत्तर मिळालं. कार्ड आणलं, बसवलं. त्या रात्री बाबा दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरंय." बरं नव्हतं. तोच चिखल होता. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की माझं मन राखायला ते "बरंय" म्हणाले.

पुढचे तीन रविवार मी एकेक गोष्ट वेगळी काढून तपासली. चित्र शेवटी सुधारलं आणि त्यात त्या कार्डाचा काडीचा वाटा नव्हता. तुमच्याही घरी हाच विचार चालला असेल तर खरेदीआधी पुढच्या पायऱ्या करून बघा.

मुद्दा थोडक्यात असा. नेटवरून येणारा व्हिडिओ पाठवणाऱ्याकडेच दाबून, बारीक करून तुमच्याकडे येतो. कार्डाचं काम तो उलगडून दाखवण्याचं. जे तपशील दाबताना गेले ते कार्ड परत आणू शकत नाही. कार्ड बदलल्याने अडखळणारा व्हिडिओ सुरळीत चालू शकतो, पण धूसर व्हिडिओ सहसा धूसरच राहतो.

जवळ काय ठेवाल

- राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत पोचेल एवढी लॅन केबल (कॅट ५ई किंवा कॅट ६). स्वतःची नसेल तर शेजाऱ्यांकडून एका संध्याकाळपुरती मागून आणा.
- प्रोसेसरचं पूर्ण नाव. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' मध्ये 'सीपीयू' वर गेलात की उजवीकडे वर दिसतं.
- मॉनिटरचं रिझोल्यूशन, म्हणजे त्यावर आडवे-उभे किती ठिपके आहेत ते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मिळेल.
- ज्या सेवेवर व्हिडिओ बघता तिथला तुमचा प्लॅन कोणता, ते.
- रात्री आठ ते दहामधला एक तास. तपासणी दुपारी करू नका. दुपारी सगळ्यांचंच नेट पळतं, तक्रार असते ती रात्रीची.

१. आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

"व्हिडिओ नीट दिसत नाही" या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी असतात आणि तिघांचं औषध वेगळं.

चित्र धूसर आहे, चौकोन-चौकोन पडतात, पण चालतंय सलग: हा व्हिडिओच कमी दर्जाचा पोचतोय.

चित्र स्वच्छ आहे पण झटके देत पुढे जातं, आवाज मात्र सलग येतो: कॉम्प्युटरला उलगडायला झेपत नाहीये. कार्डाचा संबंध येतो तो इथे.

चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, मधोमध गोल फिरत राहतं: नेट कमी पडतंय.

बाबांकडे पहिली दोन्ही दुखणी होती. क्रिकेट धूसर दिसायचं आणि यूट्यूबवरची नवीन, स्वच्छ चित्रित केलेली कीर्तनं झटके द्यायची. मी दोन्हींना एकच दुखणं समजले आणि तिथेच चुकले.

२. डोळ्यांवर नको, आकड्यांवर जा

यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक करा. यादीत सगळ्यात खाली 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असतं. ते दाबलं की कोपऱ्यात काळी चौकट येते. आकडे बघून घाबरू नका, चारच ओळी वाचायच्या आहेत.

'करंट / ऑप्टिमल रेझ' ही ओळ सांगते की आत्ता कोणत्या आकाराचं चित्र येतंय. तिथे ८५४ गुणिले ४८० दिसलं आणि तुमचा मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा असेल, तर मॉनिटरवरच्या पाच ठिपक्यांसाठी साधारण एकाच ठिपक्याची माहिती येतेय. बाकीचे चार अंदाजाने भरलेले. मग धूसर दिसणारच.

त्याच भागात 'ड्रॉप्ड' असा शब्द येतो. दाखवायच्या एकूण फ्रेमपैकी (व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्रापैकी) किती गळल्या, तो हा आकडा. सुरुवातीला दोन-चार गळल्या तर चालतं. आकडा सारखा चढत असेल तर कॉम्प्युटर मागे पडतोय.

'कोडेक्स' पुढे 'एव्हीसी१', 'व्हीपी०९' किंवा 'एव्ही०१' ने सुरू होणारं काहीतरी असेल. म्हणजे अनुक्रमे एच.२६४, व्हीपी९ आणि एव्ही१. व्हिडिओ दाबण्याच्या या तीन पद्धती. हा शब्द कागदावर लिहून ठेवा, सहाव्या पायरीत लागेल.

'बफर हेल्थ' म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच येऊन पडलेत. तो शून्याकडे घसरत असेल तर नेटचा प्रश्न.

नेटफ्लिक्सवर अशी माहिती बघायला व्हिडिओ चालू असताना कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि डी ही चार बटणं एकदम दाबा.

एक हिशेब इथे मांडते, कारण तो केल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ संपला. १०८०पी च्या, म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या, एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. नेहमीच्या पद्धतीत एका ठिपक्याला सरासरी १२ बिट लागतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला जवळजवळ ६०० मेगाबिट होतो. आपल्याकडे पोचतो तो ५ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे साधारण एकशेविसावा भाग. हे दाबणं जमतं, कारण एका फ्रेमनंतरची दुसरी बहुतेक तशीच असते आणि फक्त बदल पाठवला तरी भागतं. बातम्या देणारी निवेदिका जागची हलत नाही, म्हणून ती कमी बिटांतही छान दिसते. क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे गेला की कॅमेरा मैदानभर फिरतो, गवताची प्रत्येक काडी जागा बदलते आणि तेवढ्यासाठी बिट पुरत नाहीत. मग गवत गुळगुळीत होतं. बाबांचा "हिरवा चिखल" तो हाच.

आणि दाबलेले बिट उलगडून कोणता ठिपका कोणत्या रंगाचा काढायचा, हे त्या-त्या पद्धतीच्या नियमांत काटेकोर लिहिलेलं असतं. दोन हजारांचं कार्ड असो की लाखाचं, त्याच बिटांतून तेच ठिपके निघतात.

३. नेट तपासा, पण केबल लावून

वायफायवर आहे त्या अवस्थेत फास्ट डॉट कॉम उघडून वेग बघा. मग कॉम्प्युटरला लॅन केबल लावून पुन्हा बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर दोष घरातल्या भिंतींचा आहे, नेट कंपनीचा नाही.

नेटफ्लिक्स ७२०पी साठी ३, १०८०पी साठी ५ आणि फोर-के (१०८०पी च्या चौपट ठिपके) साठी १५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग सुचवतं. यूट्यूब फोर-के साठी २० सांगतं. हे आकडे फार मोठे नाहीत. १०० एमबीपीएसचं कनेक्शन असलेल्या घरात धूसर दिसतं ते बहुधा हे एवढंसंही कॉम्प्युटरपर्यंत सलग पोचत नाही म्हणून.

आमच्याकडे राऊटर दिवाणखान्यात, बाबा आतल्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती. कॉम्प्युटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडलेला, आणि त्याच पट्ट्यात आख्ख्या इमारतीची वायफायं. दुपारी ४० एमबीपीएस दिसायचा, रात्री नऊला कधी ३, कधी ८. 'ऑटो' वर ठेवलेला व्हिडिओ खालच्या दर्जाला उतरायचा आणि तिथेच रेंगाळायचा. दाराच्या चौकटीच्या कडेने केबल ओढून घेतली आणि त्याच रात्री गवत दिसायला लागलं. बाबांनी या वेळी "बरंय" म्हटलं नाही, त्यांनी मला हाक मारून क्षेत्ररक्षकाच्या पाठीवरचं नाव वाचून दाखवलं.

केबल ओढणं शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडून बघा. ते भिंतींतून कमी जातं, पण त्या पट्ट्यात गर्दी कमी असते. राऊटर खोलीच्या जवळ सरकवता आला तर आणखी उत्तम.

सापळा: यूट्यूबवर दर्जा हाताने १०८०पी ला लावलात तरी अॅप किंवा ब्राउझर पुढच्या वेळी पुन्हा 'ऑटो' वर जाऊ शकतं. तपासताना दर वेळी चौकटीतला आकडा बघा.

४. प्लॅन, ब्राउझर आणि मॉनिटरची केबल

नेट उत्तम आहे, यूट्यूब स्वच्छ दिसतं, पण पैसे भरलेल्या सेवेवरच चित्र मऊ दिसतं, असं असेल तर ही पायरी तुमची.

प्लॅन: भारतातल्या नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या. मोबाइल प्लॅन ४८०पी, बेसिक ७२०पी, स्टँडर्ड १०८०पी आणि फोर-के फक्त प्रीमियममध्ये. बेसिक प्लॅनवर कुठलंही कार्ड लावा, ७२०पी च्या वर चित्र येणार नाही. इतर सेवांचेही असेच टप्पे असतात, आपला टप्पा खात्याच्या सेटिंगमध्ये बघा.

ब्राउझर: चोरी होऊ नये म्हणून या सेवा चित्राला कुलूप लावून पाठवतात आणि ते कुलूप किती भक्कमपणे सांभाळलं जातंय यावर दर्जा ठरवतात. विंडोजवर नेटफ्लिक्स क्रोममध्ये १०८०पी पर्यंत देतं, फोर-के हवं तर मायक्रोसॉफ्टचा एज लागतो.

मॉनिटर आणि केबल: फोर-के साठी कार्ड, केबल आणि मॉनिटर या सगळ्या साखळीला एचडीसीपी २.२ (त्या कुलपाचीच केबलवरची पद्धत) यावं लागतं. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर तिच्यातून एचडीसीपी जातच नाही. शिवाय मॉनिटरच १३६६ गुणिले ७६८ चा असेल तर १०८०पी चे सगळे ठिपके त्यावर मावणारच नाहीत. आपल्याकडे अनेक घरांत अजून तेच मॉनिटर आहेत. अशा घरात पैसे घालायचेच तर मॉनिटरमध्ये घाला.

५. मूळ व्हिडिओच तसा आहे का?

हे बाबांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांची आवडती नाटकं दूरदर्शनच्या काळात चित्रित झालेली. आपल्याकडच्या त्या वेळच्या 'पाल' नावाच्या प्रसारण पद्धतीत पडद्यावर दिसणाऱ्या रेषा ५७६, आणि त्याही एकाआड एक अशा दोन हप्त्यांत दाखवलेल्या. कुणीतरी ती टीव्हीवरून व्हीएचएस कॅसेटवर घेतली, कॅसेट वीस-पंचवीस वर्षं कपाटात राहिली आणि मग ती कॉम्प्युटरवर चढवून नेटवर टाकली. प्रत्येक टप्प्यावर थोडं-थोडं गळत गेलं. असा व्हिडिओ थांबवून नटाच्या हलत्या हाताकडे बघा, कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतील. दोन हप्ते नीट न जुळवता चढवल्याची ती खूण, आणि ती चित्रातच पक्की झालेली असते.

कुणी असा व्हिडिओ फुगवून "एचडी" किंवा "फोर-के" म्हणून टाकला असला तरी त्याच्या नादी लागू नका. आणि ज्यांनी तो जपून ठेवला त्यांचे आभार माना. कित्येक प्रयोगांची आपल्याकडे तेवढीच नोंद उरली आहे.

यातलं थोडं आठव्या पायरीत सुधारता येतं.

६. झटके देत असेल तर: आधी फुकटचे उपाय

आता कार्डाचा विषय. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमधल्या किंवा कार्डातल्या ग्राफिक्समध्ये वेगळा, त्याच कामाचा भाग असतो. हा भाग खेळ चालवणाऱ्या भागापासून निराळा आहे. तुमच्याकडे येणारी पद्धत त्याला येत असेल तर जुनं यंत्रही आरामात फोर-के दाखवतं. येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि फ्रेम गळायला लागतात.

टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप). 'परफॉर्मन्स' मध्ये 'जीपीयू' (म्हणजे ग्राफिक्स) निवडा. व्हिडिओ चालू असताना 'व्हिडिओ डिकोड' चा (उलगडण्याच्या कामाचा) आलेख हलतोय का? हलत असेल तर कार्ड काम करतंय. तो जमिनीवर झोपलेला आणि 'सीपीयू' ९०-१०० टक्क्यांवर असेल तर दुखणं सापडलं.

मग क्रमाने:

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम' खाली ग्राफिक्स किंवा हार्डवेअर अॅक्सलरेशनचा पर्याय असतो, तो चालू आहे का बघा. कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला असतो.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) कंपनीच्याच साइटवरून नवा घ्या.

यूट्यूबच्या 'कोडेक्स' ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ येत असेल आणि यंत्र जुनं असेल तर ब्राउझरला 'एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेंशन लावा. ते यूट्यूबला सांगतं की मला एच.२६४ च पाठव. ही २००३ पासूनची पद्धत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक यंत्राला येते. मर्यादा एकच: यूट्यूब या पद्धतीत १०८०पी च्या वर देत नाही. १०८०पी च्या मॉनिटरला त्याने काही बिघडत नाही.

बाबांचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. त्याला एच.२६४ उत्तम येतं, व्हीपी९ नीट येत नाही. मी आणलेलं कार्डही जुन्या रचनेचं निघालं, त्यालाही व्हीपी९ येत नव्हतं. एक्स्टेंशन लावलं आणि सीपीयू नव्वदीतून विशीत आला. कीर्तनकारांच्या हातातली चिपळी सलग हलायला लागली. खर्च शून्य.

७. तरीही कार्ड घ्यायचंच असेल तर

सर्वांत आधी हे बघा की गरज आहे का. इंटेलचा सातव्या पिढीचा (२०१७ च्या आसपासचा) किंवा त्यानंतरचा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असेल तर व्हीपी९ आणि १०-बिट एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची दाबण्याची पद्धत) त्यालाच येतं. अकराव्या पिढीपासून एव्ही१ पण. नुसतं बघण्यासाठी वेगळं कार्ड नको. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, तिथे कार्ड लागतंच.

दुकानात "किती जीबीचं कार्ड" यावरून किंमत सांगतात. व्हिडिओ बघण्यासाठी तो आकडा गौण आहे. विचारायचं हे: याला व्हीपी९ आणि एव्ही१ डिकोड येतं का?

एनव्हीडिया कंपनीची जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं स्वस्त म्हणून सर्रास दिली जातात. दोघांनाही व्हीपी९ येत नाही. नवा डबा असला तरी आतली रचना जुनी.

जीटी १०३० ला व्हीपी९ आणि एचईव्हीसी येतं, एव्ही१ येत नाही. वीज फक्त ३० वॉटच्या आसपास लागते, त्यामुळे जुन्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) चालतं.

एव्ही१ हवं तर एनव्हीडियाची आरटीएक्स ३० मालिका, एएमडीची आरएक्स ६००० मालिका किंवा इंटेल आर्क, आणि त्यापुढची. यात एक खड्डा आहे: आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही दोन कार्डं ६००० मालिकेतली असूनही त्यांना एव्ही१ येत नाही.

घेण्याआधी एसएमपीएसवरचं वॉटचं लेबल आणि कॅबिनेटमधल्या जागेचा फोटो काढून न्या. बारीक कॅबिनेटला अर्ध्या उंचीची पट्टी लागते, ती डब्यात आहे का ते दुकानातच उघडून बघा. आणि उपयोग झाला नाही तर परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.

८. कार्ड बसवल्यावर

मॉनिटरची केबल कार्डाच्या भोकात लावा. मदरबोर्डवरच्या जुन्या भोकात राहिली तर मॉनिटर जुन्याच ग्राफिक्सवर चालत राहतो, किंवा काळा पडतो.

एचडीएमआय लावल्यावर काळा रंग राखाडी आणि चित्र फिकट दिसत असेल तर कार्ड खराब नाही. काही मॉनिटरना कार्ड टीव्ही समजतं आणि रंग १६ ते २३५ एवढ्याच पल्ल्यात पाठवतं. एनव्हीडियाच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आहे, ते 'लिमिटेड' वरून 'फुल' करा.

कार्डामुळे चित्र खरंच बदलतं अशी एक सोय मात्र आहे. एनव्हीडियाने २०२३ मध्ये आरटीएक्स कार्डांसाठी 'व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन' आणलं. क्रोम किंवा एजमध्ये येणारा कमी दर्जाचा व्हिडिओ मोठा करताना ते कडा ठळक करतं आणि चौकोन पुसतं. हरवलेला तपशील ते परत आणत नाही, तिथे काय असावं याचा अंदाज बांधतं. माझ्या मावसभावाकडे असं कार्ड आहे, त्यावर बाबांचं एक जुनं नाटक लावून बघितलं. अक्षरं आणि नेपथ्याच्या कडा चांगल्या सुधारल्या, चेहरे जरा मेणाचे वाटले. बाबांना मूळचंच आवडलं. नुसत्या या सोयीसाठी आरटीएक्स कार्ड घ्या, असं मी सांगणार नाही. आधीपासून असेल तर जरूर चालू करून बघा.

९. तुम्ही स्वतः लाइव्ह करत असाल तर हिशेब उलटा

आरती, क्लास किंवा खेळ तुम्ही घरून लाइव्ह दाखवत असाल तर व्हिडिओ दाबण्याचं काम तुमच्या यंत्रात होतं. इथे चांगलं कार्ड बघणाऱ्यांचं चित्र खरोखर सुधारतं. एनव्हीडियाचा दाबणारा भाग २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून बराच चांगला झाला. पहिल्या जीटीएक्स १६५० मध्ये मात्र त्याआधीचाच भाग होता आणि जीटी १०३० मध्ये तो भागच नाही. ओबीएस स्टुडिओ या फुकट प्रोग्रॅममध्ये 'एन्कोडर' (दाबणारा भाग) च्या जागी कार्डाचा किंवा इंटेलचा पर्याय निवडा, म्हणजे प्रोसेसर मोकळा राहतो.

१०८०पी साठी सलग ६ एमबीपीएस पाठवायचे तर अपलोडचा वेग किमान १० तरी हवा, तोही केबलवर मोजलेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, 'अनलिस्टेड' (लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असं) ठेवून दहा मिनिटं चाचणी करा आणि ती दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या नेटवर उघडून बघा. निरांजन ओवाळतानाचा हात बघा. तो हात स्वच्छ दिसला तर बाकीचं दिसतंच.